उंच हँडलचे साहेब

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. त्र्यंबकराव अजून जिवंत आहेत, चिखलीला मुलाकडे असतात आणि दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतात, त्यामुळे ती अडचण नाही.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा ते जळगाव जामोदला पंचायत समितीत आमचे साहेब होते. विस्तार अधिकारी. कशाचा विस्तार, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. आम्ही चौघी ग्रामसेविका त्यांच्या हाताखाली. बालवाड्या, शिवणवर्ग, बिनधुराच्या चुली ही आमची कामं, आणि गावं सगळी सातपुड्याच्या पायथ्याची. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, ती संपली की पायवाट, आणि पायवाट संपली की गोट्यांनी भरलेला नाला. जायचं सायकलनं. कामाबद्दल साहेबांना काही म्हणायचं नसे. सायकलबद्दल मात्र ते रोज बोलत.

मूळचे ते चिखलीकडचेच, पण दोन वर्षं पुण्याला राहून आले होते आणि ती दोन वर्षं त्यांनी जन्मभर पुरवली. बोलणं सगळं ‘आहे’, ‘नाही’, ‘करावयास हवे’ असं. आमच्या वऱ्हाडी बोलीचं नाव निघालं की नाकाशी रुमाल धरत.

त्यांची सायकल चोवीस इंची होती. तेव्हा दुकानात दोन मापं मिळत, बावीस आणि चोवीस. हे चाकाचं नव्हे, फ्रेमचं माप. लांब पायांच्या माणसाला चोवीस, बाकीच्यांना बावीस, इतका साधा हिशेब. साहेबांची उंची बेताची. बावीसवरही त्यांचे पाय जेमतेम पोचले असते. पण चोवीस म्हणजे मोठी आणि मोठी म्हणजे साहेबाची, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. एक पायडल खाली गेलं की ते त्या बाजूला कलत, दुसरं गेलं की दुसऱ्या बाजूला. मागून पाहिलं तर वाण्याचा तराजू रस्त्यानं चालल्यासारखा वाटे.

त्यावर हँडल. हँडलची उभी नळी फ्रेममध्ये चांगली खोल बसलेली असावी लागते. साहेबांच्या सायकलची नळी जेमतेम दोन बोटं आत आणि बाकी सगळी बाहेर. त्यामुळे हात हनुवटीशी यायचे, कोपरं बाहेर, पाठ ताठ. आरतीचं तबक धरून देव निघाले आहेत असं वाटावं. कुणी विचारो न विचारो, ते सांगत, “वाकतो तो चाकर. ताठ बसतो तो साहेब.” हे वाक्य त्यांनी स्वतः रचलेलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एवढ्या उंच सायकलवर जमिनीवरून चढणं त्यांना जमत नसे. म्हणून ज्या गावी त्यांचा दौरा असे तिथे चावडीसमोर एक सपाट दगड आणून ठेवायची पद्धत पडली होती. ‘साहेबाचा दगड’. चढताना एक, उतरताना तोच. एका गावात तो दगड कुणीतरी कुंपणाला लावून टाकला होता. साहेब चावडीला तीन फेऱ्या घालून आले, कारण थांबायचं कुठे? चौथ्या फेरीला म्हैस आडवी आली. तेव्हा पुणं एका क्षणात गळून पडलं आणि साहेब ओरडले, “धरा बे मले! धरा, पडून राह्यलो ना!”

दोघांनी धरलं. जमिनीवर पाय टेकल्यावर साहेबांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, “मी थांबणारच होतो.”

ही त्यांची एकट्याची हौस असती तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण साहेबांना आपल्या हौशीचा नियम करायची खोड होती. त्यांनी कचेरीत तोंडी हुकूम काढला. शिपायाचं हँडल सीटच्या बरोबरीनं. ग्रामसेवकाचं वीतभर वर. त्यांचं त्याहून वर. दर सोमवारी कचेरीच्या भिंतीशी सायकली ओळीनं उभ्या राहत आणि साहेब छत्रीच्या टोकानं मापं घेत फिरत.

आमचा शिपाई शालिग्राम हा ताडमाड उंच माणूस. हुकमानंतर दुसऱ्याच दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला.

“साहेब, माहे गुडघे हँडलले लागून राह्यले.”

“मग गुडघे बाहेर काढून चालव.”

“मंग बेडकावाणी दिसतो ना जी.”

“शिपाई कसा दिसतो हे कोणी पाहत नाही.”

शालिग्राम बाहेर आला आणि मला म्हणाला, “मालतीबाई, यायच्या डोक्यातली नळीबी दोनच बोटं आत असन.”

शेतकी मेळाव्यात एकदा त्यांनी ‘सायकल व आधुनिक ग्रामजीवन’ या विषयावर भाषण केलं. शाळेतून फळा मागवला होता. त्यावर खडूनं सायकल काढली, सायकलवर एक माणूस काढला, आणि त्याच्या पाठीतून जमिनीपर्यंत एक सरळ उभी रेघ मारली. “हा मनुष्य पाहा. हा सुखी आहे.” मग शेजारी हँडलवर ओणवलेला माणूस काढला. “हा हमाल आहे.” समोर बाजाराला आलेले शेतकरी बसले होते. अर्ध्यांनी जन्मात सायकल चालवली नव्हती. एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

“साहेब, तुमच्या या उभ्या मानसानं चढावर काय करा लागते?”

“चढावर खाली उतरून सायकल ढकलावी.”

“अन् घाटाच्या उतारावर?”

“तिथेही खाली उतरावे. सुरक्षित असते.”

“मंग सायकल नेता काऊन सोबत? इच्यापेक्षा बकरी बरी. ढकला बी नाही लागत अन् दूध बी देते.”

मेळावा हसला. साहेबांनी फळा पुसला आणि अध्यक्षांना सांगितलं की हा समाज अजून तयार नाही.

आता आमच्या चौघींचं. आम्हाला सरकारी लेडीज सायकली आल्या. बावीस इंची फ्रेम, मधला दांडा खाली वाकवलेला, साडीसाठी. साहेबांनी त्या आल्या दिवशीच सगळ्यांची हँडलं गळ्यापर्यंत वर ओढायला लावली. आमच्या बाबतीत कारण वेगळं होतं. “बाईनं रस्त्यात वाकलेलं बरं दिसत नाही.” म्हणजे पुरुष वाकला तर हमाल, बाई वाकली तर आणखी काहीतरी. ते काय, हे साहेबांनी उघड सांगितलं नाही, पण आमच्याकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत सांगितलं.

त्या सायकलींचे ब्रेक तारेचे नव्हते, सळईचे होते. हँडल वर गेलं की पुढच्या ब्रेकची सळई अपुरी पडे. साहेबांनी सळई लांब करून घेतली नाही, पुढचा ब्रेकच काढून टाकायला लावला. “पुढचा ब्रेक म्हणजे आत्महत्या. मनुष्य उलटा होऊन पडतो.” मागच्या ब्रेकवर नाल्याचा उतार उतरून पाहा म्हणावं. चाक थांबतं, सायकल चालूच राहते.

आम्ही चौघींनी एक सोय काढली होती. कचेरीतून निघताना हँडल वर, गावाबाहेर पडलं की पिशवीतला पाना काढून खाली, परतताना पुन्हा वर. रोजचं पाच मिनिटांचं काम. नोकरीत अशी कामं असतात. ब्रेकची सळईही आम्ही बाजारातल्या दुकानातून पुन्हा लावून घेतली होती आणि ती काढून पिशवीत ठेवायची सवय करून घेतली होती.

आमच्यातली चौथी सुशीला. ती अमडापूरची. नवरा गेलेला, लहान मुलगी आईजवळ ठेवलेली. नोकरी हंगामी होती. कायम होण्यासाठी साहेबांपुढे सायकल चालवून दाखवायची एक परीक्षा होती. ती पास झाली तर नोकरी पक्की, आणि मुलीला जळगावला आणून शाळेत घालता येणार. नाहीतर परत अमडापूर, भावाच्या घरी, वहिनीच्या चुलीशी. भाऊ वाईट नव्हता. वहिनी मात्र भाकऱ्या मोजून थापायची, आणि मोजताना मोठ्यानं मोजायची. हे सुशीलानं एकदाच सांगितलं आणि हसली. तिला कशाचंही हसू यायचं.

सायकल मात्र ती आमच्यात सगळ्यात चांगली चालवायची. तिची मापं तिची स्वतःची होती. आधी सीट: पायडल खाली गेलं की गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे. मग हँडल: गावातल्या रस्त्याला सीटच्या वर चार बोटं, डोंगराकडं निघालं की सीटच्या बरोबरीनं. मी विचारलं, खाली कशाला? तर म्हणाली, “ताई, पुढच्या चाकावर थोडं आपलं वजन पायजे. उंच हँडलनं सगळं वजन मागं बसते. मंग पुढचं चाक माहेरी गेलेल्या पोरीवाणी वागते, कोनाले इचारत नाही.” ती असं बोलायची आणि तसंच चालवायची. नाल्यात उतरताना मागे सरकायची, चढ लागला की पुढे झुकायची, आणि वर आल्यावर पदर सारखा करायची.

एकदा अशाच एका चढावर साहेब सायकल ढकलत चालले होते, घामानं कॉलर ओली, आणि सुशीला मागून आली. उतरली नाही. “नमस्कार साहेब,” म्हणाली आणि निघून गेली. तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. उतरली असती तर त्या चढावर पुन्हा बसता आलं नसतं, एवढंच. साहेबांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी ऐकवलं, “सुशीलाबाईंची परीक्षा डोंगराकडच्या वाटेवर घेऊ. त्यांना तिकडची फार आवड आहे.” आमच्या तिघींची परीक्षा त्यांनी कचेरी ते बाजार आणि परत एवढ्यातच उरकली होती.

परीक्षेला साहेब, शालिग्राम आणि एक बाई सोबत हवी म्हणून मी. नाल्याच्या तोंडाशी आलो. खाली उतार, मध्ये गोटे, पलीकडे चढ. सुशीलाचं हँडल सीटच्या बरोबरीनं होतं आणि पुढचा ब्रेक लावलेला होता. साहेबांनी छत्री टेकवली.

“हे काय?”

“साहेब, इथी असंच लागते.”

“शालिग्राम, पाना काढ. वर घे. आणि ती सळई काढ.”

शालिग्रामनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “साहेब, उतार आहे. गावात पोचल्यावर वर घेऊ.”

“परीक्षा इथे आहे, मालतीबाई. गावात नाही.”

शालिग्रामनं हँडल वर घेतलं. “आणखी,” साहेब म्हणाले. “आणखी.”

सुशीला म्हणाली, “साहेब, एवढी काढली तं नळी आत काहीच नाही राहत.”

“तुम्ही इंजिनिअर आहात?”

“नाही.”

“आवळ रे.”

“आवळलं जी. पन ते धरून नाही राह्यलं.”

“मी नाही बसले तं?” सुशीलानं विचारलं.

“तर मी लिहीन की उमेदवार परीक्षेस तयार नाही.”

तिनं नाल्याकडे एकदा पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि बसली. मी तिच्या जागी असते तर मीही बसले असते. पोटाचा प्रश्न असला की माणूस बसतो. उताराच्या मध्यावर पुढचं चाक एका गोट्यावर चढलं. तिनं हँडल वळवलं. हँडल वळलं. चाक वळलं नाही. नळी आतल्या आत फिरली होती. ती उजव्या खांद्यावर पडली, सायकल तिच्यावर.

मी आणि शालिग्राम धावलो. साहेब सावकाश उतरले, एकेक गोटा तपासत. ती पांढरी पडली होती, खांद्याचं हाड कातडीखाली उभं दिसत होतं. साहेब तिच्यापाशी आले आणि म्हणाले,

“पदर सावरा.”

मी पुष्कळ माणसं पाहिली. चोर पाहिले, दारुडे पाहिले, बायकांना मारणारे पाहिले. पण कुणाचाही विचार करताना माझं तोंड इतकं कडू होत नाही जितकं या दोन शब्दांनी होतं.

बैलगाडी शोधून तिला जळगावला आणलं. साहेब आमच्या आधी पोचले होते आणि शेरा लिहून मोकळे झाले होते: उमेदवारास सायकलवर ताबा ठेवता येत नाही. हाड बसवलं, पण नीट बसलं नाही. उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

आम्ही तिघी एस.टी.नं बुलढाण्याला गेलो, मोठ्या साहेबांकडे. रडलो नाही, तक्रारीचा पाढाही वाचला नाही. एवढंच मागितलं की हात झोळीतून सुटल्यावर त्याच नाल्यात परत परीक्षा घ्यावी, तुमच्यासमोर, आणि सायकल उमेदवाराच्या मापाची असावी. मोठे साहेब शेतकऱ्याच्या घरचे, कमी बोलणारे. “येतो,” म्हणाले.

आले. जीपमधून उतरले, सुशीलाची सायकल पाहिली, मग त्र्यंबकरावांची पाहिली. पाहत राहिले.

“हँडल किती उंच पायजे, त्र्यंबकराव?”

“पदाप्रमाणे, साहेब.”

मोठ्या साहेबांनी सुपारीचं खांड गालात फिरवलं. “सायकलीले पद समजते का हो?”

शालिग्राम तोंड फिरवून सायकलची चेन तपासू लागला.

सुशीला निघाली. उजवा हात अजून बळ धरत नव्हता, त्यामुळे भार डावीकडे. उतारावर तिनं दोन्ही ब्रेक थोडे थोडे धरले. गोट्यांमध्ये एकदा पाय टेकवावा लागतो की काय असं वाटलं, पण नाही. चढाला लागली तशी पुढे वाकली, इतकी की तोंड हँडलच्या बरोबरीला आलं. वर गेली. वर जाऊन उतरली नाही, वळली आणि सगळा नाला पुन्हा पार करून आमच्याजवळ आली. चेहरा दुखण्यानं काळवंडला होता. तरी हसत होती.

मोठे साहेब म्हणाले, “झालं. कायम करा बाईले.”

आणि त्र्यंबकराव! मला वाटलं, निदान गप्प बसतील. ते पुढे झाले आणि म्हणाले, “पाहिलंत साहेब? प्रथम थोडा त्रास झाला, पण अखेर तयार केली. परिश्रम घ्यावे लागतात.” त्या वर्षीच्या अहवालात त्यांनी एक परिच्छेद घातला: माझ्या मार्गदर्शनाखाली ग्रामसेविका दुर्गम वाटांवरही सायकल चालवू लागल्या. त्याच अहवालावर त्यांना बढती मिळाली. हे मला पुष्कळ वर्षं खुपत होतं. आता खुपत नाही. सुशीलानं मुलीला जळगावला आणलं, ती शिकली, मास्तरीण झाली. ज्याला जे हवं होतं ते मिळालं. साहेबांची मागणीच लहान होती.

परवा आम्ही दोघी चिखलीच्या एस.टी. स्टँडवर होतो. सुशीला आता मुख्यसेविका आहे, अमडापूरला तिच्या आईकडे निघालो होतो. बाकावर साहेब बसलेले. पिकले आहेत, बाकी तसेच. त्यांनी मला ओळखलं, सुशीलाला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं.

“अच्छा, अच्छा. सुशीलाबाई. तुम्हाला मीच कायम केलं होतं.”

“हाव साहेब,” सुशीला म्हणाली.

बस लागली. साहेब आम्हाला निरोप द्यायला खिडकीशी आले. सुशीलानं पिशवी वरच्या फळीवर ठेवली ती डाव्या हातानं, पायाच्या चवड्यांवर उभी राहून, उजवा हात पोटाशी. साहेबांनी ते पाहिलं.

“हात वर जात नाही काय?”

“नाही.”

“काय झालं?”

“सायकलवरून पडले होते साहेब. डोंगराकडं, नाल्यात.”

साहेब विचारात पडले. कपाळाला आठ्या आल्या. मी खिडकीशी सरकले. म्हटलं, आता आठवतंय. इतक्या वर्षांनी का होईना, या माणसाला काहीतरी आठवतंय.

“हँडल खाली असेल तुमचं,” साहेब म्हणाले.

सुशीला हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत, बाकावर कलून. साहेबांना वाटलं तिला पटलं. ते आणखी जवळ आले, खिडकीच्या गजाला धरलं आणि सांगू लागले, “पाहा, बायकांनी नेहमी…”

मी काच ओढून घेतली.